विश्लेषण : दोन स्नायपर, एक वेढलेलं शहर आणि कुठेच न सापडलेला मेजर

रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनी २९ एप्रिल २०२५ रोजी एका आदेशावर सही केली आणि व्होल्गोग्राड शहराच्या विमानतळाचं नाव 'स्टालिनग्राड' झालं. शहराचं नाव मात्र बदललेलं नाही. १९२५पर्यंत त्सारित्सिन, मग १९६१पर्यंत स्टालिनग्राड आणि त्यानंतर व्होल्गोग्राड, असा या शहराच्या पाटीचा प्रवास आहे. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी समारंभांमध्ये जुनं नाव वापरायचं, असा ठराव तिथल्या नगरपरिषदेने २०१३ मध्येच केला होता. आता विमानाने येणारा प्रवासी तिथे रोजच स्टालिनग्राडला उतरतो.

नाव परत येतं तेव्हा त्याच्यासोबत गोष्टीही परत येतात. स्टालिनग्राडच्या लढाईची रशियाबाहेर सर्वांत जास्त वाचली आणि पाहिली गेलेली गोष्ट ही सेनापतींची नाही, रणगाड्यांचीही नाही. ती आहे दोन स्नायपरची. अमेरिकन लेखक डेव्हिड एल. रॉबिन्स यांची 'वॉर ऑफ द रॅट्स' ही कादंबरी १९९९ मध्ये आली, ती याच गोष्टीवर. दोन वर्षांनी ज्याँ-जाक आनो यांचा 'एनिमी अॅट द गेट्स' हा चित्रपट आला. त्यात ज्यूड लॉ आणि एड हॅरिस समोरासमोर होते, आणि मग ही गोष्ट जगभर पोहोचली.

गोष्ट अशी. उरल पर्वताच्या भागात लहानपणापासून शिकार करत वाढलेला वासिली झाइत्सेव्ह स्टालिनग्राडच्या ढिगाऱ्यांतून एकेक जर्मन टिपतो. त्याचा बंदोबस्त करायला जर्मनीहून स्नायपर प्रशिक्षण शाळेचा प्रमुखच पाठवला जातो. पडक्या भिंती, जळके रणगाडे आणि सांडपाण्याचे नाले यांच्या आडोशाने दोघं एकमेकांचा माग काढतात. शेवटी झाइत्सेव्हचा साथीदार काठीवर शिरस्त्राण धरून ते हळूच वर करतो, जर्मन फसतो, गोळी झाडतो आणि खात्री करायला डोकं जरा वर काढतो. शिकाऱ्याचीच शिकार होते.

मेजर सापडत का नाही?

झाइत्सेव्ह खरा होता, याबद्दल वाद नाही. १९१५ साली जन्मलेला हा माणूस प्रशांत महासागरातल्या सोव्हिएत नौदलात हिशेबनीस-कारकून होता. तो स्वतः मागणी करून आघाडीवर आला आणि सप्टेंबर १९४२ मध्ये २८४व्या रायफल डिव्हिजनबरोबर व्होल्गा ओलांडून शहरात पोहोचला. १० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर या ३८ दिवसांत त्याच्या नावावर २२५ बळी नोंदले गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला.

अडचण आहे ती दुसऱ्या माणसाची. एका कथनात तो मेजर क्योनिग असतो, दुसऱ्यात हाइन्झ थोरवाल्ड. रॉबिन्स यांनी थोरवाल्ड हे नाव घेतलं, चित्रपटाने क्योनिग. या कामगिरीवर पाठवलेल्या अशा अधिकाऱ्याची जर्मन लष्कराच्या कागदपत्रांत नोंद मिळालेली नाही. ब्रिटिश इतिहासकार अँटनी बीव्हर यांनी १९९८च्या 'स्टालिनग्राड' या ग्रंथात याहून बोचरा मुद्दा मांडला. त्या आघाडीवरचे राजकीय अधिकारी मॉस्कोला नियमित अहवाल पाठवत आणि त्यांत स्नायपरच्या पराक्रमाच्या बारीकसारीक गोष्टी चवीने लिहिलेल्या असत. या महाद्वंद्वाचा त्यांत एका शब्दानेही उल्लेख नाही. जर्मनीच्या सर्वोत्तम नेमबाजाला मारल्याची बातमी सोव्हिएत प्रचारयंत्रणा विसरून गेली, हे पटायला फारच कठीण आहे. तरीही त्या जर्मनाची म्हणून सांगितली जाणारी रायफलची दुर्बीण मॉस्कोच्या लष्करी संग्रहालयात ठेवलेली आहे. वस्तू आहे, पण ती ज्याची होती त्या माणसाचा कागदोपत्री पत्ता नाही.

झाइत्सेव्हने आपल्या आठवणींत हा प्रसंग स्वतःच सांगितला आहे. एखाद्या तरबेज जर्मन नेमबाजाशी त्याची गाठ पडलीही असेल. त्याच्या नावावरच्या बळींत अकरा जण स्नायपर होते असं सांगितलं जातं. त्यांतल्या एकाला पुढे बर्लिनच्या शाळेचा प्रमुख करून टाकणं हे काही अवघड काम नव्हे.

ही गोष्ट कोणाला हवी होती?

१९४२च्या शरद ऋतूत सोव्हिएत सैन्याच्या हातात शहराची नदीकाठची एक पट्टीच उरली होती. रणगाडे आणि विमानं यांत जर्मन वरचढ होते. अशा वेळी एका साध्या सैनिकाने, एका साध्या मोसिन-नागान्त रायफलने शत्रूला जमिनीला खिळवून ठेवणं ही प्रचारासाठी पर्वणी होती. त्यातून 'स्नायपर चळवळ' उभी केली गेली. कोणी किती मारले याची जणू स्पर्धाच लागली आणि वर्तमानपत्रं आकडे छापू लागली. झाइत्सेव्ह या आडनावाच्या मुळाशी ससा या अर्थाचा रशियन शब्द आहे. त्यामुळे त्याने तयार केलेल्या नेमबाजांना 'सशाची पिल्लं' म्हटलं जायचं.

आकड्यांचं हे वेड आजही गेलेलं नाही, आणि ते एकाच बाजूचं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये युक्रेनच्या एसबीयू या सुरक्षा संस्थेने आपल्या स्नायपरने ३,८०० मीटरवरून एका रशियन सैनिकाला टिपल्याचा दावा केला. हा जागतिक विक्रम असल्याचंही सांगितलं आणि चित्रफीत प्रसिद्ध केली. अडचणीत सापडलेल्या देशाला चेहरा असलेला वीर लागतो. तोफखान्याला चेहरा नसतो.

रशियाला मात्र आता वेगळ्या कारणासाठी स्टालिनग्राड हवं आहे. २ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्या विजयाच्या ८०व्या वर्धापनदिनी, पुतिन व्होल्गोग्राडला गेले आणि जर्मन रणगाडे पुन्हा आपल्याला धमकावत आहेत, अशा अर्थाचं भाषण त्यांनी केलं. संदर्भ होता युक्रेनला मिळणाऱ्या लेपर्ड रणगाड्यांचा. आदल्याच दिवशी शहरात स्टालिनच्या अर्धपुतळ्याचं अनावरण झालं होतं. १९४२ मध्ये हल्ला करणारा बाहेरून आला होता आणि शहर स्वतःला वाचवत होतं. २०२२ मध्ये सीमा ओलांडून गेलं ते रशियाचं सैन्य. या दोन गोष्टी एकाच चौकटीत बसवायच्या, तर जुनी चौकटच मोठी करून भिंतीवर टांगावी लागते.

या मांडणीत खुद्द झाइत्सेव्हच नीट बसत नाही. जानेवारी १९४३ मध्ये त्याच्या डोळ्यांना इजा झाली. उपचारांनंतर तो पुन्हा लढला आणि युद्ध संपल्यावर किव्हमध्ये स्थायिक झाला. तिथे त्याने कपड्यांच्या कारखान्याचं संचालकपद सांभाळलं. १५ डिसेंबर १९९१ रोजी तो किव्हमध्येच वारला. त्याच्या दोनच आठवडे आधी युक्रेनच्या जनतेने स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला होता आणि सोव्हिएत संघाचे शेवटचे दिवस मोजले जात होते. त्याचं दफनही किव्हमध्ये झालं. स्टालिनग्राडच्या मातीत पुरलं जावं ही त्याची इच्छा ३१ जानेवारी २००६ रोजी पूर्ण झाली. त्याचे अवशेष व्होल्गोग्राडच्या मामायेव्ह टेकडीवर हलवले गेले. तेव्हा ही शवपेटी किव्हहून नेणं शक्य होतं.

दुर्बिणीत खरं कोण दिसत होतं?

द्वंद्वाच्या गोष्टीत दोघंही सशस्त्र असतात, दोघांनाही धोका माहीत असतो आणि जो चुकतो तो मरतो. त्यामुळे ती एखाद्या खेळासारखी न्याय्य वाटते. स्नायपरचं रोजचं काम तसं नव्हतं. लेखक वासिली ग्रोसमन त्या वेळी युद्धवार्ताहर म्हणून स्टालिनग्राडमध्ये होते. अनातोली चेखोव्ह या तरुण नेमबाजावरच्या त्यांच्या लेखात दुर्बिणीत सापडतात ते भांडं घेऊन पाणी आणायला निघालेले जर्मन सैनिक. सुरुवातीला ताठ चालणारे हे सैनिक काही दिवसांतच सरपटायला लागले. झाइत्सेव्हच्या ३८ दिवसांबाबतही एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. २३ नोव्हेंबरला सोव्हिएत सैन्याची कोंडी पूर्ण झाली. म्हणजे त्यांतले जवळपास दोन तृतीयांश दिवस त्याच्या समोरचा शत्रू स्वतःच वेढ्यात होता आणि दिवसेंदिवस उपाशी पडत होता.

ते सैनिक होते. युद्धाच्या कायद्यानुसार पाणी आणणारा सैनिकही लक्ष्य ठरू शकतो. पण बीव्हर यांनी याच लढाईतली आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. उपाशी रशियन मुलं पावाच्या तुकड्यासाठी जर्मनांच्या बाटल्या व्होल्गेवर भरून आणत. हे लक्षात आल्यावर सोव्हिएत सैनिकांना या मुलांवर गोळ्या झाडण्याचा आदेश मिळाला. कादंबरीने आणि चित्रपटाने जगाच्या मनात ठसवलेल्या द्वंद्वात या मुलांना जागा नाही.

सैनिक की नागरिक हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, तो अर्धशतकानंतर, दुसऱ्या एका वेढ्यातून. बोस्नियाची राजधानी सारायेव्हो एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ या काळात बोस्नियन सर्ब सैन्याच्या वेढ्यात होती. भोवतालच्या टेकड्यांवरून आणि उंच इमारतींतून नेमबाज रस्त्यांवर गोळ्या झाडत. शहरातल्या मुख्य हमरस्त्याला जगभरच्या वार्ताहरांनी 'स्नायपर अॅली' म्हणजे स्नायपरची गल्ली असं नावच दिलं. तिथे मारले गेले ते रस्ता ओलांडणारे, ट्रामने जाणारे आणि पाण्याचे कॅन वाहणारे लोक. कॅनडाचे लेखक स्टीव्हन गॅलोवे यांच्या २००८च्या 'द चेलिस्ट ऑफ सारायेव्हो' या कादंबरीतही शत्रूच्या नेमबाजाची वाट पाहणारी एक स्नायपर आहे. पण तिच्याइतकंच महत्त्व तिथे कुटुंबासाठी पाणी आणायला निघालेल्या एका माणसाला आहे. वेढ्याची कादंबरी म्हणून ती 'वॉर ऑफ द रॅट्स'पेक्षा जास्त खरी वाटते, ती त्याच्यामुळे.

वेढा घालणाऱ्या सैन्याचा सेनापती स्तानिस्लाव्ह गालिच याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने नागरिकांमध्ये दहशत पसरवण्यासाठी गोळीबार आणि तोफांचा मारा केल्याबद्दल दोषी ठरवलं. त्याची २० वर्षांची शिक्षा २००६ मध्ये अपिलात वाढून जन्मठेप झाली. प्रकरण अजूनही मिटलेलं नाही. परदेशातून आलेल्या काही धनिकांनी पैसे मोजून सारायेव्होतल्या नागरिकांवर नेम धरला, या आरोपाची चौकशी इटलीत मिलानच्या सरकारी वकिलांनी सुरू केल्याचं नोव्हेंबर २०२५ मध्ये समोर आलं. इटालियन लेखक-पत्रकार एझिओ गावाझेनी यांनी ही तक्रार केली आहे. स्लोव्हेनियाचे दिग्दर्शक मिरान झुपानिच यांच्या २०२२च्या 'सारायेव्हो सफारी' या माहितीपटाने हा विषय पुढे आणला होता. बोस्नियन सर्बांच्या बाजूने हे आरोप फेटाळले गेले आहेत आणि न्यायालयात अद्याप काहीही सिद्ध झालेलं नाही.

'सफारी' हाच शब्द सध्या युक्रेनच्या खेरसोन शहरात वापरला जातो. नीपर नदीच्या पलीकडच्या तीरावर रशियन सैन्य आहे. तिथून येणारे छोटे ड्रोन सायकलस्वार, बस, रुग्णवाहिका आणि बाजारातून परतणारी माणसं शोधून त्यांच्यावर स्फोटकं टाकतात. रहिवासी याला 'माणसांची सफारी' म्हणतात. ड्रोन चालवणारा काही किलोमीटर दूर पडद्यासमोर बसलेला असतो. समोरचा माणूस कोण आहे हे त्याला दुर्बिणीतून दिसावं इतकं स्पष्ट दिसतं आणि त्याच्यावर उलट गोळी झाडणारं कोणी नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये या हल्ल्यांना मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवलं. नागरिकांना लक्ष्य करत नसल्याचं रशिया सांगत आला आहे.

मेजर क्योनिगबद्दल कागद सापडत नाही. खेरसोनमध्ये कागदाची वाट पाहावी लागली नाही. आयोगाने तपासलेल्या शेकडो चित्रफितींपैकी अनेक ड्रोनच्याच कॅमेऱ्यातल्या होत्या आणि रशियन बाजूच्या टेलिग्राम वाहिन्यांनी त्या स्वतःच प्रसिद्ध केल्या होत्या.