लिंबाचं पाणी तोडा

पुण्यातल्या एका सोसायटीच्या सभेत या आठवड्यात ठराव आला: आठ वर्षांचं कागदी लिंबाचं झाड फळ धरत नाही, ते काढून तिथे दुचाकींसाठी जागा करावी. तिथल्या एका काकूंनी मला बोलावून घेतलं म्हणून झाड बघायला मिळालं, आणि बघून आल्यापासून माझा राग शांत झालेला नाही. झाड जोमदार आहे. पानं गर्द हिरवी, खैऱ्याचा डाग औषधालाही सापडला नाही. बुंध्यातून सरळ वर गेलेले काटेरी पाणसोट मात्र भरपूर. शेजारच्या लॉनसाठी टायमरवरचं ठिबक आहे, त्याची एक नळी लिंबाच्या बुंध्याशी आणून सोडली आहे. बाराही महिने, सकाळ-संध्याकाळ पाणी. या झाडाला फुलायचं कारणच कुणी दिलेलं नाही.

आता हेच दिवस श्रीगोंद्याच्या लिंबाच्या बागेत किंवा काटोल-वरूडकडच्या संत्र्याच्या बागेत कसे जातात ते पाहा. डिसेंबर लागला की आंबिया बहार धरणारा शेतकरी पाणी बंद करतो. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. पानांची चमक जाते, दुपारी ती गुंडाळू लागतात, मग पिवळी पडून गळतात. नवख्या माणसाचा जीव कासावीस व्हावा अशी बागेची कळा होते. विहिरीत पाणी असतं, पंप चालू असतो, तरी तो बागेकडे पाट वळवत नाही. जानेवारीच्या मध्यावर आळी चाळून शेणखत आणि खतं घालतो, पहिलं आंबवणीचं पाणी हलकं देतो, काही दिवसांनी चिंबवणीचं, आणि मग कुठे नेहमीच्या पाळ्या सुरू होतात. दोन-तीन आठवड्यांत झाड फुलांनी भरतं. पाणी तोडून दिलेला हा ताण नेमका किती दिवस हे तो कॅलेंडरवरून ठरवत नाही, पानावरून ठरवतो. हे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि एवढ्या अंतरावर, शहराच्या आवारात, ते कुणाच्या कानावरही गेलेलं नसावं याचं मला दुःख होतं.

लिंबूवर्गातल्या झाडांना फुलाकडे वळायला वाढीत खंड पडावा लागतो. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या संत्र्याला तो खंड हिवाळ्याची थंडी देते. आठवडेच्या आठवडे गारठा टिकतो, झाड थांबतं आणि वसंतात फुलतं. आपल्या दख्खनी हिवाळ्याच्या अंगात तेवढा जोर नाही, म्हणून थंडीचं काम कोरडेपणाकडून करून घ्यायचं. नवी पालवी थांबली की पानांनी केलेलं अन्न काड्यांमध्ये साठतं, आणि पाणी मिळताच तेच डोळे फुलं घेऊन फुटतात. पाणी कधी तुटलंच नाही, तर झाड पालवीमागून पालवी काढत राहतं. सोसायटीतलं झाड हेच करतंय.

सिसिलीतले लिंबाचे बागायतदार तर भर उन्हाळ्यात, जून-जुलैत, पाणी तोडतात. पानं मलूल झाली की पाणी आणि नत्र देतात, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं घेतात, आणि त्यांचं हिरवं ‘वेर्देल्ली’ लिंबू पुढच्या उन्हाळ्यात बाजारात आणतात, कारण तेव्हाच त्याला भाव असतो. आपल्याकडच्या हस्त बहाराचं गणितही हेच. सप्टेंबर-ऑक्टोबरात फूल, मार्च ते मेमध्ये लिंबू. 2022 च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा रुपयांना घेतलेल्यांना त्या गणिताची किंमत सांगायला नको. अडचण एवढीच, की हस्त बहाराचा ताण भर पावसाळ्यात द्यावा लागतो. आभाळ बंद करता येत नाही, म्हणून शेतकऱ्याला वाढ रोखणाऱ्या औषधांची फवारणी करावी लागते.

इथे घरच्या बागेची बाजू वरचढ आहे, आणि ती कुणी वापरत नाही. गच्चीवर मोठ्या कुंडीत लिंबू असेल तर ऑगस्टअखेर ते पत्र्याखाली, पण उजेडाच्या जागी ओढून ठेवा. शेतकऱ्याला जे जमत नाही ते तुम्ही दोन माणसांच्या जोरावर कराल. कुंडीतली माती मात्र लवकर सुकते. तिथे महिन्यांची भाषा चालत नाही. सकाळीही पान टवटवीत दिसेना, की ताण पुरे.

पेव्हर ब्लॉकबद्दल मी याआधी इतकं लिहिलं आहे की वाचक कंटाळले असतील, पण सोसायटीतल्या त्या लिंबाच्या बुंध्याला ते चारही बाजूंनी भिडलेत. आळंच नाही, तर माती चाळणार कुठे, शेणखत घालणार कुठे? मला विचाराल तर शहरातल्या निम्म्या झाडांचं दुखणं या ठोकळ्यांखाली आहे. त्यातून ठिबकची नळी थेट खोडाशी. खोड सतत ओलं राहिलं की डिंक्या येतो, आणि या झाडाच्या सालीवर डिंकाचे दोन-चार थेंब दिसूही लागलेत. विदर्भात यासाठीच दुहेरी आळं करतात: खोडाभोवती एक छोटं कोरडं, बाहेर मोठं, आणि पाणी फक्त बाहेरच्यात. खोडाला बोर्डो पेस्ट लावतात.

तेव्हा त्या सोसायटीला माझी कळकळीची विनंती: ठराव मागे घ्या. झाडाभोवतीचे ठोकळे पसरलेल्या फांद्यांच्या घेरापर्यंत उचला, तिथे दुहेरी आळं करा, पाणसोट मुळाशी छाटा, नळी आजच काढा. लॉनचं पाणी जिरून येत असेल, तर मधे हातभर खोल चर काढा, नाहीतर ताण बसणारच नाही. चार-पाच वर्षांखालच्या रोपांवर आणि आधीच रोगट असलेल्या झाडांवर हा प्रयोग कुणी करू नये. तुमचं झाड वयात आलेलं आहे, डिंकाचे ते थेंब सोडले तर धडधाकट आहे, त्याला तो झेपेल. पानं गळायला लागली की कुणीतरी हळहळून बादली ओतेल. त्या माणसाला आधीच समजावून ठेवा. आणि फुलं दिसली म्हणून लगेच पाण्याचा मारा करू नका. फुलं नि वाटाण्याएवढी फळं पाण्याच्या अतिरेकानंही गळतात, ओढ पडली तरी गळतात. बाहेरच्या आळ्यात बेतानं, नियमित पाणी द्या आणि जूनपर्यंत दम धरा.