सफर : डोंगरातला पाट



कबूल केल्याप्रमाणे या महिन्यात आमच्या दक्षिण स्पेनच्या सफरीविषयी. दोन दिवस कोर्दोबा, तीन दिवस ग्रॅनडा आणि उरलेले तीन दिवस भाड्याच्या गाडीने अल्पुहारा या डोंगराळ मुलखात, असा आठ दिवसांचा बेत होता. निघताना एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "तिथे आता आपलं काय उरलंय?" उत्तर आमच्याकडेही नव्हते.

कोर्दोबाच्या मशिदीचे बांधकाम पहिल्या अब्दुर्रहमानने 785 साली सुरू केले आणि पुढची दोनशे वर्षे ती वाढत गेली. आत साडेआठशेच्या वर खांब आहेत, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी. 1236 साली शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेले, तेव्हापासून ते चर्च आहे. तिथे नमाजला परवानगी नाही. हे आधीपासून ठाऊक होते, तरी मेहराबीसमोर उभे राहून परत फिरणे जड गेले. मनातल्या मनात दुरूद पढलो आणि मुक्कामी येऊन जोहरची कसर अदा केली. त्या रात्री आम्ही दोघे फारसे बोललो नाही.

ग्रॅनडात अल्हम्ब्राचे तिकीट बरेच आधी काढावे लागते. आतल्या राजवाड्यांसाठी ठरावीक वेळ मिळते, ती चुकवू नका. अल्लाहखेरीज कोणी विजयी नाही, हे नसरी सुलतानांचे वाक्य तिथल्या भिंतींवर जागोजागी कोरलेले आहे. त्याच घराण्यातल्या अबू अब्दुल्लाहने 2 जानेवारी 1492 रोजी शहर सोपवले. समोरच्या टेकडीवर, अल्बाइसिन मोहल्ल्यात, 2003 साली नवी मशीद उघडली. तिच्या बागेतून दरीपलीकडे अल्हम्ब्रा दिसतो. तिथे मगरिब जमातीने मिळाली, अल्हम्दुलिल्लाह. कोर्दोबापासून छातीवर बसलेले ओझे थोडे हलके झाले.

तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन दक्षिणेला निघालो. वाटेत 'मूरचा सुस्कारा' नावाची खिंड लागते. अबू अब्दुल्लाहने इथून शेवटचे मागे वळून पाहिले आणि तो रडला, अशी दंतकथा आहे. आम्हीही थांबलो आणि फोटो काढले. पुढे घाट सुरू झाला. उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नाही, एका हाताला दरी, त्यात एका अरुंद वळणावर समोरून बस आली. गाडी मागे घेताना आमच्यात जे संवाद झाले ते इथे न लिहिलेलेच बरे. असरची वेळ निघत चालली होती, म्हणून रस्त्याकडेला पाण्याचा आवाज आला तिथे गाडी लावली.

दगडातून खोदलेला हातभर रुंदीचा पाट होता. पाणी बर्फासारखे गार. वजू करताना वाहत्या पाण्याकाठीही पाणी वाया घालवू नये ही शिकवण आठवली. शेजारच्या ऑलिव्हच्या झाडाखाली जानमाज अंथरून असर अदा केली.

उठल्यावर आमच्यातल्या एकीने पाटाकडे पाहत म्हटले, "अहो, हे तर आमच्या साक्रीकडचंच!" तिचे माहेर पांझरेकाठचे, फडाच्या पाण्यावर वाढलेले. पाळीपाळीने पाणी, त्यावर नजर ठेवणारा पाटकरी, हे तिने लहानपणी पाहिलेले. इथेही तसाच माणूस असतो. पाटाला स्पॅनिशमध्ये असेकिया म्हणतात, म्हणजे अरबीतले अस्साकिया. सिएरा नेवाडाचे बर्फ वितळले की ते पाणी उंचावरच्या पाटांनी वळवून मुद्दाम जमिनीत जिरवतात. मग काही आठवड्यांनी, महिन्यांनी, खालच्या गावांच्या झऱ्यांना पाणी येते. ही व्यवस्था अंदलुसच्या मुसलमानांनी उभारली. त्यांच्या वंशजांनी 1568 साली इथेच बंड केले. ते मोडून काढल्यावर त्यांना या गावांतून हाकलले आणि 1609 पासून सगळ्या स्पेनमधूनच घालवले. तिथे असे सांगतात, की प्रत्येक गावात दोन कुटुंबे मात्र ठेवून घेतली, कारण नव्या लोकांना पाटाचे काम येत नव्हते.

पाम्पानेइरा, बुबिऑन, कापिलेइरा ही तीन गावे एकाच दरीत एकावर एक वसली आहेत. घरे धाब्याची, सपाट मातीच्या छताची, आपल्या खान्देशात असतात तशीच. विसाव्या शतकात लोक शहरांकडे गेले आणि बरेच पाट गाळाने बुजले. अलीकडे विद्यापीठातली मंडळी, गावकरी आणि स्वयंसेवक फावडी घेऊन ते पुन्हा मोकळे करत आहेत.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. एक, आरटीओतून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना काढून न्या. दोन, हा भाग डुकराच्या सुकवलेल्या मांसासाठी प्रसिद्ध आहे. 'मांतेका' म्हणजे डुकराची चरबी, ती मिठायांतही असते. लोणी म्हणजे 'मांतेकिया'. आम्ही पाव, ऑलिव्ह तेल, अंडी आणि संत्री यांवर मजेत राहिलो. संत्र्याला तिथे 'नारांखा' म्हणतात. आपले नारिंगच ते, फारसी-अरबीतून तिकडे पोहोचलेले.

कापिलेइराहून माहेरी व्हिडिओ कॉल लावला आणि अब्बांना पाट दाखवला. अल्हम्ब्राच्या फोटोंवर त्यांनी नुसते "माशाअल्लाह" म्हटले होते. पाट मात्र बराच वेळ पाहिला. मग विचारले, "गाळ कोण काढतं?"

"पाणी घेणारे सगळे मिळून. दर वसंतात."

अब्बा थोडे गप्प झाले. त्यांच्या शेताकडचा पाट तीन वर्षे बुजलेला आहे. दोन भावकींचे भांडण. त्यातली एक आमचीच. मग म्हणाले, "परत आलात की इकडे या. फावडं आहे घरात."

पुढच्या जुम्याला, इन्शाअल्लाह, आम्ही साक्रीला जात आहोत.