दर्वेश परके कसे?



दर्वेशांचा, म्हणजे सूफी फकिरांचा, वारसा तुर्कस्तानचा, त्याचे आपल्याकडे काय, अशा आशयाच्या पत्राला हे उत्तर. तुर्कस्तानने १९२५ मध्ये दर्वेशांचे मठ कायद्याने बंद केले. मिरजेत मात्र सूफी संत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ चढतो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले, ते याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, गंधर्वांचे भीमसेन जोशी. यातले परके नेमके कुठून वेगळे काढायचे? दर्ग्यात गाणे धर्माला धरून नाही, हा आक्षेप जुना आहे. पण त्यावर सूफींतच एकमत नव्हते: नक्शबंदी परंपरेने गाणे बहुधा टाळले, चिश्ती परंपरेने त्यालाच साधना मानले. आणि श्रीगोंद्याचे सूफी संत शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ लिहिला तो मराठीतच.

एक वाचक, पलूस (जि. सांगली)