मुंबईचा न्याय महादेवपुऱ्यालाही

बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या मराठी मंडळींत दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे : आम्ही जगाचे नागरिक, आज बेंगळुरू, उद्या सिंगापूर, परवा टोरांटो. भाषा आणि प्रांत ही मागच्या पिढीची ओझी. दुसरे नेमके उलट : परमुलखात आलो आहोत, तेव्हा मराठीपण सोवळ्यात जपले पाहिजे, कन्नडच्या नादी लागलो तर मुले मराठी विसरतील. टोके विरुद्ध, पण निष्कर्ष एकच : कन्नडची गरज नाही. तो निष्कर्षच खोटा आहे.

आधी जगाच्या नागरिकाचे पाहू. नोकरीसाठी गावे बदलावी लागतात, हे कबूल. पण सप्टेंबर 2022 मध्ये महादेवपुरा भागातल्या वसाहती पाण्याखाली गेल्या आणि अभियंते ट्रॅक्टरवर बसून कामाला निघाले, तेव्हा त्या संकटाची मुळे याच मातीत होती. तळ्यांना जोडणारे राजकालुवे, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारे मोठे नाले, ठिकठिकाणी अतिक्रमणांनी आवळले गेले होते. ते मोकळे करून घ्यायचे तर पालिकेची कचेरी गाठावी लागते, पाणी पूर्वी कुठून वाहायचे हे जुन्या गावकऱ्यांना विचारावे लागते. तिथला व्यवहार कन्नडमध्ये चालतो. सिंगापुरात चालणारे इंग्रजी तिथे फारसे कामाचे नाही. जिथे राहतो तिथल्या कारभारात ज्याला तोंड उघडता येत नाही, तो जगाचा नागरिक कसला? तो कायमचा पाहुणा.

आता सोवळेवाल्यांकडे वळू. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलणारे. कन्नडचे महाकवी झाले आणि मराठीतही लिहिते राहिले. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवत, लिहीत मात्र मराठीत. 1973 चे ज्ञानपीठ कन्नड काव्यासाठी बेंद्र्यांना मिळाले आणि त्याच वर्षीच्या पुरस्कारासाठी साहित्य अकादेमीने जी.एं.च्या ‘काजळमाया’ची निवड केली. एका गावच्या हवेत दोन्ही भाषा फुलल्या. कुणी म्हणेल, ही थोरांची उदाहरणे झाली. मग तंजावर घ्या. तिथले भोसल्यांचे राज्य 1855 मध्ये संपले, तरी तमिळ मुलखातली साधी मराठी कुटुंबे आजही घरात आपली मराठी बोलतात आणि बाहेर अस्खलित तमिळ. तमिळने त्यांची मराठी हिरावली नाही. महादेवपुऱ्यात मुलांची मराठी सुटते, ती आईबाप जेवणाच्या ताटावरही इंग्रजीत बोलतात म्हणून. गणपतीत फेटे बांधून ढोल बडवले की ही हानी भरून येत नाही. त्यात कन्नडचा दोष तो काय?

तिसरा आक्षेप सर्वांत जड : बेळगावात मराठी माणसावर कन्नडची सक्ती होत असताना आम्ही हौसेने कन्नड शिकायची? होय. बेळगावचा मराठी माणूस कुठून आलेला नाही, तो तिथलाच आहे. आपल्या मुलखात आपल्या भाषेला मान मिळावा, एवढेच तो मागतो. तीच मागणी महादेवपुऱ्याचा कन्नडिग करतो, आणि इथे बाहेरून आलेले आपण आहोत. मुंबईत येणाऱ्याने मराठी शिकावी, असा आपला रास्त आग्रह असतो. तो आग्रह मोजायचे माप बेंगळुरूत आल्यावर बदलत नाही. डिसेंबर 2023 मध्ये बेंगळुरूत इंग्रजी पाट्यांची तोडफोड झाली, तिचे समर्थन नाही. मुंबईतल्या तसल्या प्रकारांचेही नाही. पण गुंडगिरी निंद्य म्हणून मागणी खोटी ठरत नाही.

तेव्हा घरात निर्धास्त मराठी बोला, मुलांना मराठी वाचून दाखवा, आणि कन्नड शिका. शाळेतला कन्नडचा तास केवळ गुणांपुरता मानू नका. सोसायटीच्या सभेत चार वाक्ये मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोला. त्याने मराठीपण रतीभरही कमी होत नाही. उलट बेळगावसाठी मागतो तो न्याय आपणच इथे नाकारला, तर त्या मागणीतला न्याय जातो आणि मागे नुसता हट्ट उरतो.