मैदानाचा तास कापू नका

दहावीची परीक्षा जवळ आली की शाळेत पहिली गदा येते ती शारीरिक शिक्षणाच्या तासावर. आम्ही शिक्षकच तो तास गणिताला देऊन टाकतो. घरी अम्मी-अब्बा संध्याकाळचे खेळणे बंद करतात. मुलगी असेल तर तिचे खेळणे सातवी-आठवीतच सुटलेले असते. हे सारे आम्ही मुलांच्या भल्यासाठी करतो, पण नुकसान त्यांचेच होते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे चार्ल्स हिलमन व सहकाऱ्यांचा एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण साडेनऊ वर्षांची मुले २० मिनिटे चालल्यावर त्यांचे लक्ष अधिक टिकले आणि वाचलेले त्यांना अधिक चांगले समजले. व्यायामाने हृदयाची गती वाढते, मेंदूला रक्त अधिक पोहोचते, रात्री झोप चांगली लागते. आणि दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची अंगमेहनत सांगते.

काही पालक म्हणतात, "सर, मुले नमाज पढतात, तेवढी हालचाल पुरे." नमाज ही इबादत आहे, तिला कसरत समजू नये. दम लागेल असे धावणे-खेळणे वेगळेच हवे. मुलींना ते शोभत नाही म्हणणाऱ्यांनी आठवावे, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आले आहे.

आमच्या वरवे बुद्रुकहून पुण्याकडे निघाले की शिवापूरला हजरत कमरअली दरवेश यांचा दर्गा लागतो. अकरा जण एकेक बोट लावून तिथला जड दगड उचलतात. त्या जागी पूर्वी तालीम होती, असे लोक सांगतात. ताकदीचा गर्व नको, हा त्या कथेचा बोध. तालीमच नको, असा नव्हे.

महामार्गावरून मुलांना एकटे पाठवता येत नाही, हे खरे. पण अंगणात दोरीउड्या, लंगडी, गल्लीत पकडापकडी यांना पैसा लागत नाही. परीक्षा रमजानमध्ये आली तर इफ्तारनंतर सर्वांनी मिळून थोडे चालावे. आणि पालकसभेला याल तेव्हा गुणांबरोबर एवढेही विचारा : या आठवड्यात आमची मुलगी मैदानावर किती वेळ होती? आम्हालाही उत्तर द्यावे लागेल.