चाळीस मिनिटांचा तास



आपल्या भाषेत साठ मिनिटांना तास म्हणतात. शाळेत मात्र चाळीस मिनिटांचाही तासच होतो. मधल्या वीस मिनिटांचा हिशेब कोणी मागत नाही. तो आज मांडण्याचे धाडस करीत आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत विज्ञान शिकवीत असे. गरम पाणी निवत असता दर दोन मिनिटांनी त्याचे तापमान मोजावयाचे व आलेख काढावयाचा, असा नववीचा एक साधा प्रयोग होता. हजेरी, पात्रांची मांडामांड आणि पाणी तापविणे यांतच वीस-बावीस मिनिटे गेली. पारा उतरू लागला, मुलांनी सात-आठ नोंदी केल्या, तोच घंटा झाली. गणिताचे गुरुजी दारात उभे! दुसऱ्या दिवशी प्रयोगवह्या उघडतो तो प्रत्येकीत वीसच्या वीस नोंदी पूर्ण. उरलेले आकडे मागील वर्षीच्या वहीतून उतरले होते, हे कळावयास वेळ लागला नाही. मुलांवर मी रागावलो खरा; परंतु अपुरा प्रयोग कोणी अपुरा म्हणूनच लिहिला असता, तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते काय? नसतेच दिले. आणखी गंमत अशी, की त्या दारात उभ्या असलेल्या गुरुजींनी दोन महिन्यांनी त्याच वर्गाला आलेख शिकविला, तोही कल्पित आकड्यांवर.

म्हणून माझे मत असे, की आठवड्यातून काही तास तरी जोडून घ्यावेत, आणि त्या जोडतासिकेत दोन विषयांच्या शिक्षकांनी मिळून शिकवावे.

ही कल्पना परदेशातून आलेली नवलाई आहे, असे कोणी समजू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तेव्हा वर्धा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. परिषदेने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेचे वेळापत्रक सुचविले. त्यात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे दिली होती. मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत-चित्रकला-गणित मिळून ४०, आणि समाजशास्त्र व सामान्य विज्ञान मिळून ३०. इतर विषयांना एवढा थोडा वेळ कसा पुरावा? तर ते विषय उद्योगातूनच शिकवावयाचे होते. सूत किती निघाले हे गणित, कापूस कोठे पिकतो हा भूगोल. यालाच समवाय म्हणत. पुढे कित्येक शाळांत टकळी तेवढी राहिली आणि समवाय गळाला. वेळ मिळाला, पण विषयांची सांगड घालणारे शिक्षक तयार झाले नाहीत. ही चूक आपण विसरता कामा नये.

अमेरिकेत लेक्सिंग्टन गावच्या फ्रँकलिन शाळेत १९५७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या साह्याने शिक्षकांचे गट करून शिकविण्यास आरंभ झाला, तो वर्ध्यानंतर वीस वर्षांनी. आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही जोडतासिका सुचविल्या आहेत. म्हणजे कागदावर अनुमती आहे.

आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. एकाच शिक्षकाने ऐंशी मिनिटे व्याख्यान दिले तर ती शिक्षाच ठरेल. संस्कृतची रूपे, इंग्रजीचे शब्द आणि बीजगणिताची उदाहरणे यांना रोजचा थोडा सरावच मानवतो. त्यांचे तास कोणी जोडू नयेत. सर्वांत अवघड प्रश्न शिक्षकसंख्येचा. एका वर्गात दोन शिक्षक गेले, तर दुसरा वर्ग कोणी सांभाळावा? दोन तुकड्या सभागृहात एकत्र बसविल्या, तर दोघांच्या हाताखाली दोन तुकड्या राहतात व तिसऱ्या माणसाची गरज पडत नाही. गर्दी होईल, गोंगाटही होईल. प्रयोगाच्या वेळचा गोंगाट मला तरी फारसा खुपत नाही.

विषयांची वाण आपल्या गावी मुळीच नाही. भरवेलीच्या मॅंगनीजचा एक खडा टेबलावर ठेवा. तो कोणत्या खडकात सापडतो हे भूगोलाच्या शिक्षकांनी सांगावे. पोलादात तो कशासाठी घालतात आणि विजेरीतील काळ्या भुकटीशी त्याचे काय नाते, हे मी सांगेन. कोणाचे वडील वा आजोबा खाणीत असतील, तर त्या दिवशी तो विद्यार्थीच तिसरा शिक्षक. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आपला चिन्नोर तांदूळ, किंवा शिवनी जिल्ह्यातून येऊन भंडाऱ्याकडे जाणारी वैनगंगा, यांनाही चाळीस मिनिटांत आटोपणे मला जमलेले नाही.

अभ्यासक्रम पुरा होईल काय, ही पालकांची काळजी रास्त आहे. म्हणून सगळे वेळापत्रक मोडा, असे मी म्हणत नाही. पुढील सत्रात केवळ नववीच्या दोन तुकड्यांसाठी, दर शनिवारी, पहिले दोन तास जोडून द्यावेत, एवढीच मुख्याध्यापकांना विनंती आहे. गणिताच्या गुरुजींशी माझे बोलणे झाले आहे. आलेखाचा कागद ते आणतील. प्रार्थनेपूर्वी पाणी तापवून ठेवण्याचे काम माझ्याकडे.