हातचा एक

मराठीच्या प्राध्यापकाने आकडेमोडीत नाक खुपसू नये, असा संकेत आहे. पण दिवाळीत फराळाबरोबर थोडा आगाऊपणाही खपून जातो. तेव्हा वाचकहो, कागद-पेन्सिल घ्या. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. असा एकेक 'एक' वाढवीत जा. नऊ एकांचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१.

डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, संख्या तीच! 'चिमा काय कामाची' या आपल्या विलोमवाक्याची ही थोरली बहीणच. अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा नवाचा वर्ग. आणि घरे सतरा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. ही संख्या परार्धाच्या एकच घर अलीकडे थांबते.

अशा संख्यांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी 'डेम्लो संख्या' म्हटले. डहाणूस १९०५ साली जन्मलेले हे गृहस्थ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. डेम्लो हे जी. आय. पी. रेल्वेवरील स्थानकाचे नाव. तिथे त्यांना ही कल्पना सुचली. पुष्कळ जाणत्यांनी त्यांचे काम पोरखेळात काढले. पण १९७५ साली मार्टिन गार्डनरांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि मास्तरांचे नाव जगभर झाले.

कापरेकरांना स्थानकावर गणित सुचले. मला ते पेण-रोहा गाडीत कामी आले. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातला मुलगा माझ्या वर्गात आहे. शाखा वाणिज्य, गणितात दोनदा नापास. "सर, कॉलेज सोडतो. मूर्तींचं रंगकामच बरं," तो म्हणाला. मी वहीवर दहा एक लिहून दिले. "याचा वर्ग कर. ही गंमत नवापर्यंतच का, ते सांग."

कासू गेले, नागोठणे गेले. पोराची मान वर होईना. निडीच्या सुमारास ओरडला, "सर, हातचा आला!"

उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घराची बेरीज दहा झाली. एका घरात दहा मावत नाहीत. शून्य मांडून एक शेजारी गेला. तिथल्या नवाचे दहा झाले, पुढच्या आठाचे नऊ. आठ दिसेनासा झाला आणि विलोमाची घडी मोडली. घरे एकोणीस झाली, म्हणजे परार्धाच्याही पलीकडे! हे सारे त्याने मलाच समजावून दिले.

रोह्याला उतरताना तो म्हणाला, "म्हणजे मला गणित येतं की!" परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. त्याने तो भरला. निकाल लागायचा आहे.

तुमच्या घरीही गणिताला भिणारे एखादे पोर असेल. सुट्टीत त्याला गुण विचारू नका. दहा एक लिहून द्या, आणि त्याला हातचा सापडेपर्यंत शेजारी गप्प बसा.